कहाण्यांच्या बाजारात तीन संध्याकाळी

यशवंत सरांचं तिसरं पत्र आलं तेव्हा मी जायला तयार झाले. खरं कारण एवढंच की नकार कळवायचा तर आणखी एक पत्र लिहावं लागलं असतं आणि तेवढीही उमेद माझ्यात उरली नव्हती. नव्वदीच्या सुरवातीची ही गोष्ट. साताऱ्याच्या शाळेत शिकवून आणि सुट्ट्यांमध्ये गावोगावच्या शाळांतून मुलांना गोष्टी सांगत फिरून मला बावीस वर्षं झाली होती. डॉक्टरांनी घशाला महिनाभर विश्रांती द्यायला सांगितलं होतं. पण घशाचं दुखणं परवडलं, मी माझ्या आवाजालाच कंटाळले होते. माझ्याकडे अकरा गोष्टी होत्या. कुठल्या वाक्यावर थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, कुठे मुलं हसणार, सगळं ठरलेलं. मुलं बरोबर तिथेच हसायची आणि मला अजून थकायला व्हायचं.

यशवंत सर राज्याच्या सीमेपलीकडच्या आदिलाबाद जिल्ह्यात, नार्नूरच्या अलीकडे एका गावात मराठी शाळेचे मास्तर. नांदेडला शिक्षकांच्या एका शिबिरात ओळख झाली होती. गेली चार वर्षं ते शेतं मोकळी झाली की गावात तीन दिवस कहाण्यांचा मेळा भरवत होते. गाव त्याला 'कहान्यांचा बजार' म्हणे. नियम एकच होता: मूल असो की म्हातारं, येईल त्यानं एक कहाणी आणायची आणि जाताना दुसऱ्याची एक घेऊन जायची.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पुढे वाचाल तेव्हा कारण कळेल.

चुकून बोथ

गुडीहत्नूरला उतरून उटनूरची गाडी धरायची, असं सरांनी पत्रात ठळक अक्षरांत लिहिलं होतं. आदिलाबादहून बस सुटली आणि खिडकीला डोकं टेकवताच माझा डोळा लागला. जागी झाले तेव्हा बस रिकामी होत होती. समोर एक सरकारी कचेरी, चहाची टपरी, खताच्या गोण्या लादलेली बैलगाडी. गाव कुठलं हे कळायला मार्ग नव्हता, कारण सगळ्या पाट्या तेलुगूत. बावीस वर्षं मुलांना वाचायला शिकवणारी बाई मी, आणि एका पाटीखाली उभी राहून मला एक अक्षर लागेना.

टपरीवर एक कारकून चहा पीत होते. माझी पिशवी आणि माझं तोंड बघून ते उठले.

"बाई, तुमी इथं काऊन उतरल्या? हे बोथ हाय."

मी सगळं सांगितलं. सरांचं नाव ऐकताच त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. "यशवंत सराच्या बजारात मी मागल्या साली गेलतो, पोरीले घेऊन. पोरीनं कहानी सांगतली. मले नाई जमली. कचेरीत दिसभर बोलतो मी, दरखास्ती वाचून दाखवतो, पन तेथं उभा राह्यलो अन् तोंडच उघडेना." कप खाली ठेवून म्हणाले, "माहा बाप लय कहान्या सांगे. मीच आयकल्या नाई."

परतीच्या गाडीची वेळ त्यांनी विचारून आणली. उटनूरच्या गाडीच्या पाटीवरचं पहिलं अक्षर कसं दिसतं ते कागदावर काढून दिलं आणि माझ्याकडून दोनदा गिरवून घेतलं. त्या अक्षराच्या भरवशावर मी संध्याकाळच्या आत सरांच्या गावाच्या फाट्यावर पोचले.

पहिली संध्याकाळ

फाट्यावर सर सायकल घेऊन उभे होते. पस्तिशीचे, किडकिडीत, शर्टाची वरची गुंडीही लावलेली. माझी पिशवी सायकलला अडकवून आम्ही चालत निघालो. दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, काळ्या आणि कोरड्या. मध्येच पळस पेटलेला. मोहाखाली बायका फुलं वेचत होत्या. त्यातली एक सरांना म्हणाली, "मी येतो सांजेले, लेकराईले घेऊन." आमच्याकडे बाई 'येते' म्हणते. इथे बायकाही 'येतो', 'जातो', 'करतो' म्हणतात, आणि ऐकायला ते भारी ऐटदार वाटतं.

माझी उतरायची सोय नारायण पटेलांकडे होती. सरांचं घर बौद्ध वस्तीत, एका खोलीचं. पण कारण तेवढंच नव्हतं. पाहुणी पटेलांकडे उतरावी ही गावाची इच्छा होती, आणि यंदा गावाची इच्छा सांभाळणं भाग होतं. चार वर्षं मेळा शाळेच्या अंगणात भरायचा. यंदा शाळेचा व्हरांडा खचला होता आणि माणसं वाढली होती, म्हणून पटेलांनी चावडीसमोरची जागा द्यायचं कबूल केलं होतं. निजामाच्या काळापासून गावचा कारभार त्यांच्या घरात होता. कागदोपत्री तो संपून काही वर्षं झाली होती, तरी चावडीची इजाजत अजून त्यांचीच लागायची.

पटेल साठीचे, उंच, हळू बोलणारे. पटलीणबाईंनी न्हाणीत गरम पाणी काढून ठेवलं होतं. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, तिच्यावर लसणाच्या फोडणीचं कडकडीत तेल, आणि ठेचा. असं जेवण मी कित्येक महिन्यांत जेवले नव्हते. "बाई लय थकल्या दिसते," पटलीणबाई म्हणाल्या आणि न विचारता आणखी एक भाकर वाढली. त्यांची नऊ वर्षांची नात सुमन समोर बसून माझ्याकडे टक लावून बघत होती.

दिवेलागणीला चावडीसमोर माणसं जमली. दिवसा कहाणी सांगितली तर मामा वाट चुकतो, म्हणून बाजार दिवे लागल्यावरच सुरू होतो आणि लेकरांच्या जेवणवेळेला संपतो. चावडीला कमरेएवढा उंच दगडी ओटा आहे. त्यावर पटेलांची आणि दोन म्हाताऱ्या शेतकऱ्यांची अशा तीन खुर्च्या. ओट्यासमोर मुलं, त्यांच्यामागे शेतकऱ्यांच्या घरचे बायाबापडे. डाव्या हाताला तांड्यावरच्या लमाण बायका आणि पाड्यावरचे गोंड म्हातारे. आणि पार मागे, निंबाखाली, वस्तीतली माणसं. कुणी कुणाला बसायच्या जागा सांगितल्या नव्हत्या. सगळ्यांना त्या ठाऊक होत्या.

इथली एक रीत मला नवी होती. सांगणाऱ्याच्या प्रत्येक वाक्याला ऐकणाऱ्यानं 'हूं' म्हणायचं. हूं आलं नाही तर सांगणारा थांबतो, कारण कुणी ऐकत नाही असा त्याचा अर्थ. आमच्या शाळांत मी गोष्ट सुरू करायच्या आधी बाई मुलांना तोंडावर बोट ठेवायला लावतात.

पटेलांनी कोल्ह्याची एक छोटी कहाणी सांगून सुरवात केली. मग सरांनी मला ओट्यावर बोलावलं. अकरांपैकी माझी हमखास हसवणारी गोष्ट मी काढली. पहिल्या चार वाक्यांना हूं आलं. मग ते विरळ झालं. जिथे मुलं हसतात तिथे मी थांबले, आणि कुणीच हसलं नाही. मुलांनी नम्रपणे माझ्याकडे पाहिलं. मी पुढे रेटलं आणि कशीबशी खाली उतरले.

सुमन माझ्या पदराशी येऊन म्हणाली, "तुमी पुस्तकावानी काऊन बोलता?"

"म्हणजे कसं?"

"आमच्या शाळेत तेलुगूचे सर वाचतेत, तसं. समजते, पन आपल्याले सांगून राह्यले असं नाई वाटत."

मला राग आला नाही. उलट बावीस वर्षांत कुणीतरी पहिल्यांदा खरं बोललं असं वाटलं. त्याचाही थकवा आलाच. पटेलांच्या पडवीत पाठ टेकली तशी झोपून गेले.

दुसरा दिवस

सकाळी सर मला त्यांच्या आईकडे घेऊन गेले. भागामाय साठी ओलांडलेली, बुटकी, हातांची बोटं कापसाच्या बोंडांनी चिरून चिरून राठ झालेली. जन्म पटेलांच्या शेतात मजुरीत गेला. मुलगा मास्तर झाला तेव्हा तिनं वेचणी सोडली. तिची मला खास ओढ होती, कारण सर पत्रात लिहायचे की त्यांचं सगळं कहाणीचं वेड आईकडून आलंय. ती वेचता वेचता ओळीतल्या बायकांना कहाण्या सांगायची आणि पटेलांची लेकरंही घर सोडून शेतात तिच्यामागे फिरायची.

तिनं गुळाचा काळा चहा दिला. मोहाची फुलं भाजून तिळाबरोबर कुटलेला लाडू दिला. मी पाणी मागितलं तशी क्षणभर माझ्याकडे पाहून तिनं माठातून पेला भरला. पाणी इतकं गार होतं की दुखरा घसा निवला.

"तुमचं पाणी फार गार आहे," मी म्हटलं.

"त्याचीच तं कहानी हाय," ती म्हणाली. "आज सांजेले तेच सांगतो मी."

"मला आत्ता सांगता?"

"दिसा सांगू नये म्हंतेत, मामा रस्ता भुलते." मग स्वतःशीच हसली. "पन माहे मामे कवाचेच गेले. आता कोन भुलनार?"

एक बुढी होती, गावाच्या बाहेर एकली राहायची. एका पौषात गावात हिव आलं. हिव म्हणजे थंडी, पण भागामायच्या तोंडी ते दमून आलेल्या वाटसरूसारखं होतं. त्यालाही निजायला जागा हवी होती. ते दारोदार फिरलं. लोकांनी दारं लावली, फटींत चिंध्या कोंबल्या. शेवटी ते बुढीच्या दारात आलं. ती म्हणाली, ये, चूल पेटती हाय, बस. चुलीजवळ बसल्यावर हिव वितळायला लागलं आणि लहान लहान होत गेलं. दोघं बोलत बसली. सकाळी ते लिंबाएवढं उरलं आणि म्हणालं, आता उन्हात गेलो तर मी सरलो. बुढीनं ते उचललं आणि माठात ठेवलं. तेव्हापासून माठाचं पाणी गार. मग उन्हाळा आला, गावाच्या विहिरी तापल्या, सगळ्यांचे घसे सुकले, आणि गाव पाणी मागायला बुढीच्या दारात आलं.

मी पटेलांकडे परतले तेव्हा पटलीणबाईंनी सहज विचारलं, "तिकडं चहापानी झालं का?"

"झालं."

"पानीबी पेल्या?"

मी हो म्हटलं. त्या भाकरी थापायला वळल्या. पण दुपारी जेवताना मी पाण्याच्या घागरीकडे हात नेला तशी त्या चटकन उठल्या आणि माझा पेला स्वतः भरून दिला. दुसऱ्यांदाही तसंच. त्यांच्या चेहऱ्यावर वाईट काही नव्हतं. त्या फक्त मला घागरीपर्यंत पोचू देत नव्हत्या.

तिसऱ्या प्रहरी पटेल माझ्याजवळ येऊन बसले. "बाई, एक बोलायचं होतं. भागी लय चांगली सांगते. माह्या लेकराईनं तिच्याच तोंडून आयकलं, मी नाई म्हणत नाई. पन ओट्यावर बसून... गावात चार डोके हाय. ओट्यावरचे बाकीचे दोघं मले सकाळपासून बोलून राह्यले. बजार मोडला तं यशवंतचंच नुकसान."

"मग काय करायचं?"

"तुमी पाहुन्या. तुमी सांगा तिची कहानी. तिचं नाव घेऊन सांगा, मान राहीन. अन् हिव माठात गेलं तेथंच सरवा. पुढचं कायले पायजे?"

पुढचं म्हणजे गाव तिच्या दारात पाणी मागायला जातं ते. मला सगळं कळत होतं. तरी मी हो म्हणाले. याचं समर्थन मी करणार नाही, पण मनात काय आलं ते सांगते. भांडण टळेल असं वाटलं. माझ्या अकरा गोष्टींपैकी एकही सांगावी लागणार नाही याचं बरं वाटलं. आणि सगळ्यांत खरं म्हणजे, नाही म्हणायला जेवढं बळ लागतं तेवढं त्या दुपारी माझ्याजवळ नव्हतं.

सरांना सांगितलं तेव्हा ते पेट्रोमॅक्सची काच पुसत होते. हात थांबला.

"मायले विचारलं?"

"नाही. आता विचारते."

"आता काय विचारता, बाई. पटेलाईले जबान देऊन बसल्या तुमी." आणि ते परत काच पुसायला लागले.

संध्याकाळी मी ओट्यावर चढले. गर्दी कालच्यापेक्षा जास्त होती. भागामाय निंबाखाली वस्तीतल्या बायकांत बसली होती. "ही कहाणी भागामायची आहे," मी म्हटलं आणि सुरू केलं. हिव गावात आलं. हूं. दारं लागली. हूं. मी नीट सांगत होते, जसं नेहमी सांगते तसं. हिव बुढीच्या दारात आलं तेव्हा मी माझ्या सवयीनं आवाज मऊ केला आणि म्हटलं, "म्हातारी फार दयाळू होती."

हूं आलं नाही.

निंबाखालून आवाज आला. "दया नाई, बाई."

भागामाय बसल्या जागेवरूनच बोलत होती, आवाज न चढवता. "दया कायची? तिले सोबत पायजे होती. एकल्या मानसाले हिवाचीबी सोबत वाटते. तिनं म्हंतलं, बस बाबा, दोन गोष्टी बोल. सहा महिने झाले माह्याशी कोनी बोललं नाई."

"हूं," कुणीतरी मूल म्हणालं.

मी तिला 'पुढचं तुम्हीच सांगा' म्हटलं असं लिहायला मला आवडलं असतं. पण माझ्या म्हणण्याची कुणाला गरजच पडली नाही. पुढच्या रांगेतली मुलं बसल्या बसल्या वळली होती. मुलांच्या तोंडासमोर मोठ्यांची तोंडं आली, तसे मोठेही मागे वळले. बघता बघता अख्खी सभा फिरली. जे सगळ्यांच्या मागे होते ते पुढे झाले, आणि ओट्यावरून मला फक्त पाठी दिसत होत्या. शेजारी तीन खुर्च्यांवर पटेल आणि ते दोघे म्हातारे, तेही त्याच पाठींकडे बघत. थोडा वेळ मी तशीच उभी राहिले. मग ओट्यावरून उतरले आणि मुलांच्या मागे जाऊन बसले.

भागामायनं हिव माठात ठेवलं. तिथे ती थांबली नाही. उन्हाळा आणला, विहिरी तापवल्या. "मंग गाव आलं बुढीच्या दारात," ती म्हणाली. "कोन कोन आलं ते मी नाई सांगत. ज्याले तहान होती ते आले. बुढीनं कोनाले नाव नाई विचारलं. वाटी भरली अन् देली. सरली माही कहानी."

ओट्यावरचा एक म्हातारा उठला. "हे बराबर नाई झालं," एवढंच म्हणून काठी टेकत निघून गेला. दुसरा त्याच्यामागे. पटेल थोडा वेळ बसून राहिले, मग उपरणं सारखं करून तेही घराकडे गेले. वरच्या, शेतकऱ्यांच्या आळीतल्या काही पुरुषांनी आपल्या घरच्यांना हाका मारल्या. काही उठले. काही बायकांना हाक ऐकूच आली नाही. सुमनला दोनदा बोलवावं लागलं.

त्या दिवशी जेवायला मी एकटीच होते. पटेलांनी भूक नाही म्हणून सांगितलं होतं. पटलीणबाईंनी वाढलं सगळं कालच्यासारखंच, तेलाची धारही धरली.

तिसरा दिवस

सकाळी मी सरांना शोधत शाळेत गेले. व्हरांड्याच्या ढिगाऱ्यावर बसून ते आदल्या दिवशीच्या कहाण्यांची नावं वहीत उतरवत होते. शाळेपलीकडे पोरं गोट्या खेळत होती आणि मराठीत भांडून तेलुगूत मोजत होती, ओकटी, रेंडू, मूडू.

मी म्हटलं, "सर, माझं चुकलं. मी तुमच्या आईला न विचारता तिची गोष्ट घेतली आणि तिचा शेवट कापायलाही तयार झाले."

त्यांनी हातातलं नाव लिहून पूर्ण केलं. मग म्हणाले, "बाई, मी काल लय चिडलो होतो. पण मग झोप नाही आली, तेव्हा आठवलं. पहिल्या साली हा बाजार सुरू केला ना, तेव्हा मीच मायला म्हटलं होतं, तू यंदा राहू दे. लोकं येणार नाहीत म्हणून. दुसऱ्या साली तिची पाळी सगळ्यात शेवटी लावली, अर्धे लोक उठून गेल्यावर. तिसऱ्या-चौथ्या सालीही तेच." ते शाळेतलं मराठी बोलत होते, इथे ते सुटलं. "थकलेल्या मानसाकडून लोकं असेच कामं करून घेते. माह्याकडूनबी घेतले. तुमाले काय बोलू मी?"

मग वही मिटून म्हणाले, "आज कोनी येईन का नाई, मालूम नाई."

तिथून मी भागामायकडे गेले. ती चुलीशी होती. माफी मागायला मी वाक्यं जुळवून नेली होती, ती अर्ध्यात तुटली.

"राग आला का माझा?" शेवटी मी सरळ विचारलं.

"आला होता."

"ओट्यावर मी चढले म्हणून?"

"ओट्याचं काय, दगड हाय." तिनं भाकर उलटली. "कहानी खराब करून राह्यल्या होत्या तुमी. म्हातारी दयाळू होती म्हने. दयाळू असती तं तिनं हिवाले लाकूड देलं असतं अन् पुढं धाडलं असतं. घरात काऊन घेतलं असतं?"

मी एवढी वर्षं गोष्टी सांगत होते, आणि माझ्या गोष्टीतलं नेमकं काय खोटं आहे हे असं कुणी दाखवलं नव्हतं. तिनं भाकर आणि चटणी माझ्यापुढे सरकवली आणि आम्ही जेवलो.

संध्याकाळी सरांनी दिवा पेटवला तेव्हा चावडीसमोर वस्तीतली माणसं, लमाण बायका आणि गोंड म्हातारे एवढेच होते. वरच्या आळीचा रस्ता रिकामा. सर वही उघडत होते, मिटत होते. पहिली कहाणी एका लमाण बाईनं सुरू केली. ती निम्मी झाली तेव्हा त्या रस्त्यानं दोन पोरं आली, मग चार, मग पाच-सहा जणांचा घोळका. सुमन आजीचा हात धरून ओढत आणत होती. पटलीणबाई डोक्यावरचा पदर पुढे घेऊन आल्या आणि बायकांच्या कडेला बसल्या. ते दोघे म्हातारे आले नाहीत. त्यांच्या घरचंही कुणी आलं नाही.

पटेल उशिरा आले. त्यांची खुर्ची ओट्यावर मांडलेली होती. तिच्याकडे बघून ते थांबले. मग बाजूला सोडून ठेवलेल्या बैलगाडीच्या चाकाला टेकून जमिनीवर बसले, सगळ्यांपासून थोडे लांब. मी त्याचा फार अर्थ लावत नाही. वस्तीत जाऊन ते पाणी प्यायले नाहीत, भागामायशी एक शब्द बोलले नाहीत. ते आले आणि खाली बसले, एवढंच खरं. पण त्या दिवशी ओट्यावर कुणीही चढलं नाही. ज्यानं सांगितलं त्यानं बसल्या जागेवरून सांगितलं आणि लोक त्या त्या बाजूला वळत राहिले.

सर माझ्याकडे वळले. "बाई, तुमची एक?"

"आज ऐकते," मी म्हटलं. "थकलेय."

"आयका मंग," भागामाय म्हणाली आणि मला जागा द्यायला थोडी सरकली.

गोंड म्हाताऱ्यानं त्याची कहाणी सुरू केली. ती गोंडीत होती, मला एक शब्द कळत नव्हता. त्याच्या नातवानं हूं म्हणायचं काम घेतलं होतं. म्हाताऱ्याचा आवाज खाली-वर होत होता, हूं पडत होतं, मध्येच पाड्यावरची माणसं हसत होती. इथे कुठे थांबायचं, कुठे हसायचं, यातलं काहीच मला माहीत असायची गरज नव्हती. चार वाक्यं ऐकली असतील नसतील, माझे डोळे मिटले.

जागी झाले तेव्हा सर दिव्याची हवा काढत होते आणि माणसं आपापली गोणपाटं झटकत होती. माझं डोकं भागामायच्या खांद्यावर होतं. माझ्या अंगावर तिच्या लुगड्याचा पदर होता.

"कहाणी संपली?" मी विचारलं.

"त्याच्या बादच्या तीन सरल्या," ती म्हणाली.

इतक्या मुलांना मी गोष्टी सांगितल्या, पण कुणाची गोष्ट ऐकता ऐकता झोपून जायला मला आई गेल्यापासून मिळालं नव्हतं. शेजारी सुमन उभी होती. तिनं माझा चष्मा हातात दिला, तो घसरून खाली पडला होता.

निघताना

दुसऱ्या दिवशी पटलीणबाईंनी वाटेसाठी भाकरी बांधून दिल्या. पटेल वाड्याच्या दारापर्यंत आले, हात जोडले आणि म्हणाले, "तब्येतीले जपा, बाई." मीही हात जोडले.

फाट्यावर सर आणि भागामाय सोडायला आले. मी भागामायला विचारलं, तुमची कहाणी मी साताऱ्याला सांगू का?

"सांगा. कहानी आनली तं नेलीबी पायजे." मग जरा विचार करून म्हणाली, "सरवजा पूर्णच."

"पूर्णच सांगेन."

गाडी आली. सरांनी पिशवी वर चढवली. मी दारात उभी राहून हात हलवला. भागामायनं उजवा हात उचलायला घेतला आणि तो अर्ध्यावरच राहिला. तिनं खांदा चोळला.

"काय झालं?" मी विचारलं.

सर म्हणाले, "काल तुमी झोपल्या तेव्हापासून हालली नाई ती. तीन कहान्या झाल्या तरी. मी म्हंतलं, डोकं गाठोड्यावर ठेव बाईचं. तं म्हने, जाग येईन."

"आखडला थोडा," भागामाय म्हणाली. "उतरून जाईन."

कंडक्टरनं घंटी वाजवली. गाडी हलली तेव्हा तिनं डावा हात वर केला.